शून्याला पास, नव्वदला रिजेक्ट: रोटरीवरचे ऑफसेट आणि टूल कॉम्पेन्सेशन

चौथा अ‍ॅक्सिस बसवलेल्या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनवर) एक तक्रार ठरलेली असते. ए० ला, म्हणजे रोटरी (जॉब फिरवणारं टेबल) शून्य अंशाला असताना, केलेलं सगळं मापात, ए९० ला मारलेली भोकं ०.०२ सरकलेली आणि ए१८० ला जाडी ०.०४ ने चुकलेली. मग सेटर जी५५ चा (जी५४ ते जी५९ म्हणजे जॉबचं शून्य साठवायचे ऑफसेट) वाय थोडा हलवतो, जी५६ चा झेड थोडा हलवतो, आणि दुपारपर्यंत जॉब मापात बसतो. फिक्स्चर उतरवून परत चढवलं की तोच खेळ पहिल्यापासून.

यात मशीनचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा तीन वेगळी अंतरं एकमेकांत मिसळलेली असतात: जॉब मशीनमध्ये कुठे बसलाय, टूल गेज लाइनपासून किती लांब आहे, आणि रोटरीचा मध्य कुठे आहे. कंट्रोलमध्ये या तिघांना स्वतंत्र घरं आहेत. एकाचा आकडा दुसऱ्याच्या घरात टाकला तरी शून्य अंशाला बेरीज बरोबर येते, म्हणून चूक झाकून राहते. टेबल फिरलं की ती उघडी पडते.

पुढची उदाहरणं फॅनुक कंट्रोलवरची आहेत, कारण भोसरीपासून शिरोलीपर्यंतच्या शॉपमध्ये तोच सर्रास दिसतो. रोटरी ए अ‍ॅक्सिसची, म्हणजे एक्सभोवती फिरणारी धरली आहे. कोड इथे देवनागरीत लिहिलेत. मशीनवर तीच अक्षरं आणि आकडे रोमनमध्ये टाइप करायचे.

टूलची लांबी: आकडा पॉझिटिव्हच हवा

तीन अ‍ॅक्सिसच्या मशीनवर बरेच सेटर एक सोपी पद्धत वापरतात. टूल थेट जॉबच्या टॉपला टेकवायचं, त्या वेळचा मशीन झेड (समजा -३०४.६६०) जसाच्या तसा एच मध्ये (टूलच्या लांबीच्या रकान्यात) टाकायचा आणि जी५४ चा झेड शून्य ठेवायचा. तीन अ‍ॅक्सिसवर यात काही बिघडत नाही. पण या आकड्यात टूलची लांबी आणि जॉबची उंची एकत्र शिजलेली आहे. जॉब फिरला की उंची बदलते, लांबी बदलत नाही, आणि कंट्रोलला दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. पाच अ‍ॅक्सिसवर जी४३.४ (रोटरी फिरताना टूलचं टोक जागेवर ठेवणारा कोड) लावलं तर प्रकरण आणखी बिघडतं: कंट्रोल एच ला खरी लांबी समजून टूलच्या टोकाचा हिशेब करतो, आणि ‘उणे तीनशे चार मिमी लांब’ टूल कुठे जाईल हे बघायला कोणी थांबू नये.

म्हणून मल्टी-अ‍ॅक्सिसवर एच म्हणजे गेज लाइनपासून टोकापर्यंतचं अंतर, पॉझिटिव्ह. बीटी४० होल्डरच्या टेपरवर जिथे व्यास ४४.४५ मिमी असतो ती गेज लाइन. प्रीसेटर (टूल मशीनबाहेर मोजायचं यंत्र) असेल तर तो हाच आकडा देतो. नसेल तर मशीनवर असं काढता येतं:

टेबलावर ५० मिमीचा झेड सेटर (टूल टेकवायचं ठरावीक उंचीचं काट्याचं गेज) ठेवा. बहुतेक व्हीएमसीवर रिकाम्या स्पिंडलचं नाक टेबलापर्यंत पोचत नाही, तेव्हा सेटरखाली १०० किंवा १५० चा ग्राइंड केलेला ब्लॉक लागेल. स्पिंडलचं नाक हँडलने हळूहळू आणून सेटरचा काटा शून्यावर आणा आणि मशीन झेड लिहून घ्या, समजा -५१२.३००. आता टूल लावून त्याच सेटरला तसंच टेकवा; आला -३८६.९६०. दोन्हींतला फरक १२५.३४०, हाच एच०५. नाकाने टेकवायची भीती वाटत असेल तर लांबी माहीत असलेला टेस्ट बार लावा आणि त्याची लांबी वजा करून नाकाची जागा काढा.

टेबल-टेबल पद्धतीच्या मशीनवर, म्हणजे जिथे दोन्ही रोटरी जॉबखाली आहेत आणि स्पिंडल सरळ उभाच राहतो, तिथे सगळ्या टूलच्या लांबीत सारखीच ०.०५ ची चूक असली तरी जॉबवर ती उतरत नाही. अट एकच, रोटरीचा मध्य आणि जी५४ चा झेडही त्याच मोजमापाने काढलेले हवेत. हेड तिरकं होणाऱ्या मशीनवर ही सवलत नाही. तिथे लांबी खरीच असावी लागते, कारण हेड वळलं की लांबीतली चूक एक्स-वायमध्ये उतरते.

जी५४ चा झेड आता सोपा आहे. एच०५ असलेलं टूल जॉबच्या डेटमला (जिथून मापं धरायची तिथे) टेकवा. मशीन झेड -३०४.६६० आला तर त्यातून १२५.३४० वजा करा: -४३०.०००. हा आकडा जॉबचा, टूलशी त्याचं देणंघेणं नाही. टूल तुटलं तर फक्त एच बदलतो, जॉब बदलला तर फक्त जी५४.

रोटरीचा मध्य काढणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. मशीनबरोबर आलेल्या कागदावरचा आकडा रोटरी एकदा उतरवून पुन्हा बसवली की कामाचा राहत नाही.

आधी रोटरी सरळ आहे का ते बघा. चक आणि टेलस्टॉकमध्ये टेस्ट बार धरून डायल एक्समध्ये चालवा, वरून एकदा आणि बाजूने एकदा. ३०० मिमीत ०.०१ च्या आत यायला हवा. रोटरी एक्सला समांतर नसेल तर ती चूक कुठल्याही ऑफसेटने जात नाही. बोल्ट सैल करून रोटरीच सरळ करावी लागते.

मग चकमध्ये एक ग्राइंड केलेला ब्लॉक धरा.

१. ए० ला ब्लॉकच्या वरच्या फेसवर डायल वायमध्ये चालवा. फेस तिरका असेल तर ए हलवून सपाट करा आणि त्या वेळचा मशीन ए जी५४ च्या ए मध्ये टाका. इथे आळस नको: ०.०१ अंशाची चूक मध्यापासून १०० मिमीवर ०.०१७ होते.

२. ए९० करा. वरचा फेस आता उभा झाला. १० मिमीचा एज फाइंडर त्याला टेकवून मशीन वाय लिहा: -१८४.९६०.

३. ए-९० करा. तोच फेस आता दुसऱ्या बाजूला आला. त्याच एक्सवर आणि तितक्याच उंचीवर एज फाइंडर टेकवा: -३१५.०४०.

४. दोन्हींची सरासरी -२५०.०००. हा मध्याचा वाय. एज फाइंडर दोन विरुद्ध बाजूंनी आल्यामुळे त्याचा व्यास आपोआप कटला.

५. दोन्हींतला फरक १३०.०८०. त्यातून एज फाइंडरचे १० वजा केले की १२०.०८०, त्याचं अर्धं ६०.०४०. ब्लॉकचा फेस मध्यापासून एवढा वर आहे.

६. पुन्हा ए०. एच०५ चं टूल वरच्या फेसला टेकवा. मशीन झेड -२९४.६२० आला, १२५.३४० वजा केले की -४१९.९६०. त्यातून ६०.०४० खाली उतरलं की -४८०.०००. हा मध्याचा झेड.

एवढं झालं की दोन्ही आकडे कायम राहणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. #५०० पासूनची व्हेरिएबल मशीन बंद केल्यावरही पुसली जात नाहीत. #५०१ मध्ये वाय, #५०२ मध्ये झेड. आणि रोटरीच्या बॉडीवर मार्करने तारखेसह लिहून ठेवा. व्हेरिएबल कोणीतरी दुसऱ्या मॅक्रोसाठी वापरून टाकतो, मार्करचं लिहिलेलं राहतं.

एका जी५४ वरून बाकीचे

डेटम ए० ला मोजलेला आहे: वाय -२३८.०००, झेड -४३०.०००. मध्यापासून तो वायमध्ये १२ पुढे आणि झेडमध्ये ५० वर. ए९० ला फिरवल्यावर तोच बिंदू कुठे जाईल हे पुन्हा टेकवून बघायची गरज नाही, हिशेबाने येतं:

नवा वाय = मध्य वाय + (१२ × कॉस) + (५० × साइन)
नवा झेड = मध्य झेड − (१२ × साइन) + (५० × कॉस)

ए९० साठी वाय -२००.०००, झेड -४९२.०००. ए१८० साठी वाय -२६२.०००, झेड -५३०.०००. ए२७० साठी वाय -३००.०००, झेड -४६८.०००.

चिन्हाचा घोळ होतो तो इथे. नियमाप्रमाणे ए ची पॉझिटिव्ह दिशा ही जॉबच्या सापेक्ष टूलची दिशा असते, म्हणून टेबल प्रत्यक्षात उलटं फिरतं. पण काही रोटरी बसवताना पॅरामीटरमध्ये दिशा बदललेली असते, किंवा रोटरी डावीकडे न बसवता उजवीकडे बसवलेली असते. वाद घालण्यापेक्षा एमडीआयमध्ये (हाताने एक ओळ टाइप करून चालवायच्या मोडमध्ये) ए१०. द्या आणि जॉबचा वरचा भाग कुठे जातो ते बघा. कॉलमकडे, म्हणजे वाय पॉझिटिव्हकडे गेला तर वरची सूत्रं बरोबर. ऑपरेटरकडे आला तर दोन्ही सूत्रांत साइनसमोरचं चिन्ह उलटं करा. चिन्ह चुकलं तर वरच्या उदाहरणात ए९० चा वाय १०० मिमीने चुकतो, त्यामुळे चूक लपत नाही. फक्त ती स्पिंडल बंद असताना दिसलेली बरी.

हाच हिशेब मॅक्रोत टाकला तर हाताने आकडे भरायची वेळच येत नाही:

#१०१=#५२२२-#५०१
#१०२=#५२२३-#५०२
#१०३=९०.
#१०४=#५०१+#१०१*कॉस[#१०३]+#१०२*साइन[#१०३]
#१०५=#५०२-#१०१*साइन[#१०३]+#१०२*कॉस[#१०३]
जी९० जी१० एल२ पी२ एक्स#५२२१ वाय#१०४ झेड#१०५ ए#५२२४

#५२२१ ते #५२२४ हे जी५४ चे एक्स, वाय, झेड आणि चौथा अ‍ॅक्सिस. पी२ म्हणजे जी५५; पी३ म्हणजे जी५६, आणि पी६ जी५९ पर्यंत. पी० दिलात तर आकडा एक्स्टर्नल ऑफसेटमध्ये जातो आणि एका झटक्यात सगळे जी५४ ते जी५९ सरकतात. जी५४.१ पी१ पासूनच्या जादा ऑफसेटसाठी एल२ ऐवजी एल२० लागतो.

जी१० च्या आधी जी९० (शून्यापासूनचं माप) लिहिणं टाळू नका. मशीन जी९१ मध्ये (आधीच्या जागेपासूनच्या मापात) असेल तर हाच ब्लॉक आकडा बदलत नाही, आधीच्या आकड्यात मिळवतो. सायकल दोनदा चालली की ऑफसेट दुप्पट. आणि हाताने लिहिताना टिंब विसरू नका: बऱ्याच मशीनच्या सेटिंगमध्ये एक्स-४०० म्हणजे उणे ०.४ मिमी.

चूक कुठली ते जॉबवरून ओळखणे

सुरुवातीची तक्रार आता पुन्हा बघू. ए९० ला वायमध्ये ०.०२ आणि ए१८० ला झेडमध्ये ०.०४. मध्याचा झेड ०.०२ ने चुकला असेल तर बरोबर हेच होतं: नव्वदला ती चूक वायमध्ये एकपट उतरते (झेडमध्येही तेवढीच), एकशेऐंशीला झेडमध्ये दुप्पट. शून्याला काहीच नाही. म्हणजे जी५५ आणि जी५६ ला हात न लावता #५०२ मध्ये ०.०२ चा फरक करायचा आणि मॅक्रो पुन्हा चालवायचा.

ए१८० ला वाय दुप्पट सरकतो आणि ए९० ला झेड एकपट, तर मध्याचा वाय चुकलाय.

प्रत्येक कोनाला खोली तेवढीच जास्त किंवा तेवढीच कमी, आणि तीही एकाच टूलची: एच. मध्याकडे बघू नका.

चूक मध्यापासूनच्या अंतराबरोबर वाढते, जवळच्या भोकाला ०.०१ आणि लांबच्या भोकाला ०.०३: ए चं शून्य सरकलंय. एक्सच्या लांबीबरोबर वाढते: रोटरी किंवा टेलस्टॉक वाकडा बसलाय. यातलं दुसरं पाना घेऊनच सुटतं.

कंट्रोलच हिशेब करणार असेल तेव्हा

जी५४.२ हा पर्याय मशीनमध्ये असेल तर वरचा मॅक्रो लागत नाही. एका कोनाला डेटम मोजायचा, टेबल फिरेल तसा ऑफसेट कंट्रोल स्वतः फिरवतो. तिरक्या फेसवर काम असेल तर जी६८.२. पाचही अ‍ॅक्सिस एकत्र चालत असतील तर जी४३.४. हासवर हीच कामं जी२५४ आणि जी२३४ करतात, सीमेन्सवर सायकल८०० आणि ट्राओरी, हायडेनहाइनवर प्लेन स्पेशियल आणि एम१२८.

नावं वेगळी, पण सगळ्यांची भूक एकच: रोटरीचा मध्य पॅरामीटरमध्ये बरोबर हवा. फॅनुकवर जी४३.४ साठी तो १९७०० ते १९७०२ मध्ये असतो, आणि पहिल्या रोटरीपासून दुसरीपर्यंतचा फरक १९७०३ ते १९७०५ मध्ये. हासवर सेटिंग २५५, २५६, २५७. हात लावायच्या आधी पॅरामीटरचा बॅकअप घ्या.

ट्रनियनवर (ए मध्ये झुलणाऱ्या पाळण्यावर सी टेबल असलेल्या रचनेत) सी टेबलाचा मध्य सोपा आहे: ए० ला स्पिंडलमध्ये डायल धरून टेबलाच्या बोअरमध्ये फिरवायचा. ए चा मध्य मात्र ए९० आणि ए-९० च्या युक्तीने निघत नाही, कारण बहुतेक ट्रनियन एका बाजूला ११०-१२० अंश जातात आणि दुसऱ्या बाजूला थोडेच. तिथे टेबलावर एक मास्टर बॉल चिकटवा. त्याचा मध्य ए० ला मोजा (वाय१, झेड१) आणि ए९० ला मोजा (वाय२, झेड२). मग

मध्य वाय = (वाय१ + वाय२ + झेड२ − झेड१) ÷ २
मध्य झेड = (झेड१ + झेड२ + वाय१ − वाय२) ÷ २

आधीचे आकडे घालून बघा: -२३८, -४३० आणि -२००, -४९२. उत्तर -२५० आणि -४८० येतं. टेबल उलट्या दिशेने फिरणारं असेल तर सूत्रातले कंसाच्या आत शेवटी असलेले दोन्ही फरक उलटे घ्यायचे. प्रोब आणि सॉफ्टवेअरचा पर्याय घेतलेला असेल तर सीमेन्सची सायकल९९६ किंवा हायडेनहाइनची सायकल ४५१ हेच काम जास्त बिंदू घेऊन करते.

इथे सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दुहेरी कॉम्पेन्सेशन. जुन्या पोस्टप्रोसेसरमधून (कॅम सॉफ्टवेअरचा मार्ग मशीनच्या कोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून) आलेला प्रोग्रॅम रोटरीचा मध्य हाच शून्य धरून सगळे आकडे आधीच फिरवून देतो. त्याच्यावर जी५४.२ किंवा जी४३.४ लावलं की कंट्रोल ते पुन्हा फिरवतो. प्रोग्रॅम हातात आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: शून्य जॉबवर आहे की रोटरीच्या मध्यावर? मध्यावर असेल तर जी५४ मध्ये मध्याचे आकडे टाकायचे आणि कंट्रोलची सोय बंद ठेवायची. मग जॉब कॅममध्ये जिथे धरलाय तिथेच तंतोतंत बसवावा लागतो, म्हणून ही पद्धत आता फारशी परवडत नाही.

तिरक्या फेससाठी क्रम असा ठेवा:

जी९१ जी२८ झेड०
जी९०
टी०५ एम०६
जी५४
जी६८.२ एक्स४०. वाय०. झेड-१५. आय०. जे३०. के०.
जी५३.१
जी४३ एच०५ झेड१००.

आय, जे, के हे कोन आधी झेडभोवती, मग नव्या एक्सभोवती, मग पुन्हा नव्या झेडभोवती असे मोजतात; कॅमच्या स्क्रीनवर दिसणारे ए आणि सी तसेच उतरवू नका. जी५३.१ वर टेबल लगेच फिरतं, तेव्हा टूल त्याआधीच वर गेलेलं हवं. काम संपल्यावर आधी झेडमध्ये वर, मग जी४९ (लांबी बंद), मग जी६९ (तिरकं प्लेन बंद), मग जी२८ (होम). मशीन बनवणाऱ्याच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा.

आणि जी२८ नेहमी जी९१ बरोबर. जी९० मध्ये जी२८ झेड० म्हणजे टूल आधी जॉबच्या झेड शून्यावर उतरतं आणि तिथून वर जातं. या एका ओळीने बऱ्याच रोटरींच्या चकवर खुणा उमटवल्या आहेत.

एच आणि डी च्या तक्त्यातली गडबड

जॉमेट्री आणि वेअर वेगळे रकाने असतील तर प्रीसेटरचा आकडा जॉमेट्रीत, मापावर आणायची दुरुस्ती फक्त वेअरमध्ये. नवीन टूल लावलं की वेअर शून्य. जुन्या मशीनवर एच (लांबी) आणि डी (रेडियस) चा एकच तक्ता असतो. तिथे एच०५ मध्ये लांबी १२५.३४० असताना डी०५ लिहिलं तर कंट्रोल १२५ मिमी रेडियस धरतो. म्हणून अशा मशीनवर डी साठी २५, २६ असे वेगळे नंबर ठेवायची पद्धत आहे.

फॅनुकवर ‘इनपुट’ दाबलं तर जुना आकडा पुसून नवा बसतो, ‘प्लस इनपुट’ दाबलं तर मिळवला जातो. लांबीत ०.०२ कमी करायचे म्हणून -०.०२ टाइप करून जॉमेट्रीत ‘इनपुट’ दाबलं की १२५ मिमीचं टूल कंट्रोलच्या लेखी नाहीसं होतं आणि पुढच्या जी४३ ला १२५ मिमी खाली येतं. हासवर उलटं: एंटरने आकडा मिळवला जातो, एफ१ ने बदलतो. एकाच शॉपमध्ये दोन्ही मशीन असतील तर कंट्रोलवर ठळक चिठ्ठी लावा. वेअरला पॅरामीटरमधून ०.५ ची मर्यादा घालता येत असेल तर घालाच.

बॉल नोजला कॅममधला प्रोग्रॅम टोकावर काढलाय की बॉलच्या मध्यावर, हे विचारा. टोकावर काढलेला असून लांबी मध्यापर्यंत भरली तर १० मिमीच्या बॉलला ५ मिमी खोल जातो.

रेडियस कॉम्पेन्सेशन

जी४१ (टूलला रेडियसएवढं बाजूला चालवणारा कोड; बंद करायला जी४०) डी०५ मध्ये डी किती भरायचा हे प्रोग्रॅम कसा काढलाय त्यावर आहे. प्रोग्रॅम ड्रॉइंगच्या रेषेवर असेल तर डी म्हणजे पूर्ण रेडियस, १० च्या एंडमिलला ५.०००. कॅमने टूलच्या मध्याचा मार्ग दिला असेल तर डी शून्य आणि त्यात फक्त दुरुस्ती. दुसऱ्या प्रकारच्या प्रोग्रॅममध्ये ५.००० भरला तर टूल भिंतीपासून ५ मिमी लांब चालतं आणि ऑपरेटर ‘कटच लागत नाही’ म्हणतो. हे त्यातल्या त्यात बरं. पहिल्या प्रकारच्या प्रोग्रॅममध्ये डी शून्य राहिला तर भिंतीत ५ मिमी घुसतं.

दुरुस्तीचा नियम एवढाच: जॉबवर मटेरियल शिल्लक असेल तर डी कमी करा. बॉस ६०.०० ऐवजी ६०.०४ आला, डी ०.०२ कमी. पॉकेट ४०.०० ऐवजी ३९.९६ आला, तिथेही डी ०.०२ कमी. दोन्ही भिंतींना मिळून फरक दिसतो म्हणून अर्धा. तक्त्यात व्यास भरायचं सेटिंग असेल (हासवर सेटिंग ४०) तर पूर्ण ०.०४.

कॉम्पेन्सेशन सुरू आणि बंद सरळ रेषेवरच होतं. पहिलाच ब्लॉक कंसाचा असेल तर अलार्म ३४. सुरुवातीची सरळ चाल टूलच्या रेडियसपेक्षा मोठी ठेवा. १० च्या एंडमिलला ६-७ मिमी. आतला कोपरा टूलच्या रेडियसपेक्षा लहान असेल तर अलार्म ४१ येतो, आणि बऱ्याचदा तो डी मध्ये चुकून व्यास भरल्यामुळे येतो. जी४१ चालू असताना सलग दोन-तीन ब्लॉक फक्त झेडच्या चालीचे किंवा एम कोडचे आले तर कंट्रोलला पुढचा कोपरा दिसत नाही आणि आतल्या कोपऱ्यात टूल जास्त कापतं.

ए फिरवून इंडेक्स करताना जी४१ कधीही चालू ठेवू नका. प्रत्येक फेस संपला की जी४०, झेड वर, मग ए. जी६८.२ मध्ये जी४१ तिरक्या प्लेनमध्ये व्यवस्थित चालतो. पाचही अ‍ॅक्सिस एकदम चालत असताना मात्र साधा जी४१ उपयोगाचा नाही. तिथे जी४१.२ हा पर्याय लागतो, आणि तो नसेल तर टूलचा मोजलेला व्यास घालून प्रोग्रॅम कॅममधून पुन्हा काढणं हाच मार्ग. रिशार्प केलेली ९.८५ ची एंडमिल अशा प्रोग्रॅमला १० ची म्हणून लावू नका.

गरम झालेलं मशीन

मध्य सकाळी थंड मशीनवर मोजला आणि जॉब दुपारी लागला तर दोन्ही जुळत नाहीत. पोलाद मीटरला, अंशामागे साधारण ११ मायक्रॉन वाढतं. अर्धा मीटर लांबीला ५ अंश चढले की २७ मायक्रॉन. स्पिंडल १५-२० मिनिटं फिरवून, रोटरीही चार-सहा वेळा पूर्ण फिरवून मगच मोजा. ०.०२ च्या टॉलरन्सचं काम असेल तर शिफ्टच्या मध्ये मध्याचा झेड एकदा तपासा. होल्डरचा टेपर आणि स्पिंडल पुसून घेणं तर रोजचंच. टेपरवर चिकटलेली बारीक चिप लांबीही बिघडवते आणि रनआउटही.

पहिला पीस

एमडीआयमध्ये जी९० जी५४ जी४३ एच०५ झेड१००. द्या, रॅपिड सर्वात कमी ठेवून. टूल थांबलं की टोकापासून डेटमपर्यंत स्टीलपट्टी लावा. १०० भरले तर एच आणि झेडची बेरीज बरोबर. प्रत्येक टूलला आणि जी५५, जी५६, जी५७ प्रत्येकाला हे करा. कंटाळवाणं आहे, चार फेस आणि आठ टूल असतील तर अर्धा तास जातो.

टी आणि एच चे नंबर जुळतात का हे मॅक्रोने तपासता येतं: #४१११ मध्ये चालू एच असतो, #४१२० मध्ये टी. पण #४१२० शेवटचा सांगितलेला टी दाखवतो. पुढचं टूल आधीच मागवून ठेवायची सवय असेल तर तो पुढच्या टूलचा नंबर देईल, म्हणून ही तपासणी पुढचा टी मागवायच्या आधी लिहा.

मग एक्स्टर्नल ऑफसेटच्या झेडमध्ये १०० टाकून पूर्ण प्रोग्रॅम हवेत चालवा, सिंगल ब्लॉकवर, डिस्टन्स-टू-गो बघत. टेबल फिरताना जॉबचा कोपरा स्पिंडलच्या नाकाखालून जातो का, एअर पाइप आणि क्लॅम्प कुठे अडकतात, हे याच फेरीत दिसतं. जी४३.४ चालू असेल तर एक्स्टर्नलवर विसंबू नका. त्याऐवजी एच मध्ये ५० वाढवा, म्हणजे टूल नेहमी स्वतःच्या अक्षातच वर उचललं जातं. आधी झेडची वरची मर्यादा पुरते का ते बघा, आणि मूळ आकडा कागदावर लिहून मगच वाढवा. हवेतली फेरी संपली की एक्स्टर्नल शून्य आणि एच पूर्वीचा करून, स्टीलपट्टी पुन्हा एकदा लावून, मगच कूलंट सुरू करा.